हवा, खरं : दहा प्रश्नांच्या खेळातलं एक प्रकरण

प्रश्न चौथा : सध्या मागावर काय?
उत्तर : हवा.
आणि मिनिटभरानं पुन्हा त्याचंच : खरं.

एवढ्या तीन ओळी. त्यांच्यावर अकरा जणांनी हसऱ्या तोंडाचा शिक्का मारला आणि खेळ पाचव्या प्रश्नाकडं गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर देणारा विणकर आमच्या व्हॉट्सअॅप गटातून बाहेर पडलेला होता. तो का गेला हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि त्यातले पहिले दोन आम्ही भलत्याच गोष्टीची माफी मागण्यात घालवले. मी या गटाचा अॅडमिन. खेळाचे नियमही माझेच. त्यामुळं या प्रकरणात मी पंच नव्हे, आरोपींपैकी एक आहे, हे आधीच सांगून टाकतो.

नावं कुणाचीच दिलेली नाहीत. कामावरून किंवा गावावरून हाक मारली आहे: विणकर, कंडक्टर, पुणेकर, दुबईवाला, बैलहोंगलची. ज्याच्याबद्दल हे सगळं आहे त्यानं वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि एका ठिकाणी म्हणाला, "हे राहूदे, खरं जरा कमी कर." कमी केलं आहे.

आम्ही आणि आमचा खेळ

बेळगावच्या शहापूर-वडगाव बाजूच्या एका मराठी शाळेतून १९९५ साली एसएसएलसी, म्हणजे दहावी, झालेले आम्ही एकोणीस जण. सहा अजून बेळगावातच. बाकीचे पुणे, कोल्हापूर, गोवा, बेंगळूर असे पांगलेले, एक दुबईत, एक बैलहोंगलला दिलेली. गट जुनाच होता, पण त्यात सकाळची फुलं आणि गुरुवारचे देव यापलीकडं काही येत नसे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोगनोळी नाक्यावर आरटी-पीसीआरचा कागद मागायला लागले, तेव्हा कोल्हापूरवाला एकदा नाक्यावरूनच परत फिरला. आईला भेटायला निघाला होता. रात्री त्यानं गटात विचारलं, "पोलिसाला कागदाच्या बदली काय दाखवू?"

"लोणच्याची रिकामी बरणी दाखव, भरून आणायला चाललोय म्हण."

"दहावीचं मार्कलिस्ट दाखव. दया येऊन सोडतील."

"पाठ दाखव. तुझी सवयच आहे ती."

त्याला कागद मिळाला नाही, पण झोप लागली, असं तो म्हणाला. "विचार की" हा खेळ तिथनं सुरू झाला.

नियम असे. रोज रात्री साडेनऊला एकजण गादीवर बसणार. त्याच्यासाठीचे प्रश्न बाकीच्यांनी दुपारपर्यंत मला खासगीत पाठवायचे. त्यातले दहा मी निवडणार आणि दोन-दोन, तीन-तीन मिनिटांनी एकेक गटात सोडणार. गादीवरच्यानं दहाही प्रश्नांना उत्तर द्यायचंच, बाकीच्यांनी मध्ये तोंड घातलं तरी चालतं. आणि मुख्य नियम: बरोबर उत्तर देणारा बाद. दंड पाव किलो कुंदा, पुढच्या भेटीत. पुणेकर पाटबंधाऱ्यातला इंजिनियर असल्यामुळं त्याला चुकीचं उत्तर देताच येत नाही. त्याच्या नावावर आजघडीला साडेसहा किलो थकबाकी आहे.

"टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटला अडकलोय, काय करू?" या प्रश्नाला "दुसऱ्या गेटला जाऊन अडक, तेवढाच बदल" हे उत्तर त्या महिन्याचं सर्वोत्तम ठरलं. "गोकाकचा धबधबा उन्हाळ्यात कुठं जातो?" याला कुणी "आजोळी" म्हटलं, कुणी "करदंट आणायला", म्हणजे गोकाकची मिठाई. पुणेकर म्हणाला, "वर हिडकलला धरण आहे आणि घटप्रभेला उन्हाळ्यात पाणीच कमी." पाव किलो. "कुंदा म्हणजे काय?" याला विणकराचं उत्तर होतं, "विस्तवावर विसरलेलं दूध." यावर भांडण लागलं. दूध आटवत आटवत तपकिरी, रवाळ होईपर्यंत न्यायचं म्हणजेच कुंदा, तेव्हा हे उत्तर बरोबर धरायचं की चूक? मी बाद दिलं नाही. पंच विकला गेला, अशी घोषणा झाली.

बैलहोंगलची सासरची कानडी कोडी आणायची. "अब्बब्बा हब्ब बंतु, सिही कही एरडू तंतु." अबब, सण आला, गोड-कडू दोन्ही घेऊन आला. उत्तर युगादी, कडुनिंब आणि गूळ. अर्ध्यांनी पाडवा म्हटलं, अर्ध्यांनी युगादी. दोन्ही बरोबर, म्हणून अख्खा गट बाद. त्या रात्रीचा कुंदा मी हिशेबात धरला नाही, नाहीतर एखादं दुकान उघडावं लागलं असतं.

१ नोव्हेंबरला खेळाला सुट्टी असते. कंडक्टरच्या डेपोत त्या दिवशी राज्योत्सवाचा झेंडा लागतो आणि गटातले तिघं त्याच दिवशी काळ्या दिवसाच्या फेरीत असतात. एकमेकांच्या पोरांच्या बारशाला जेवलेली माणसं आहेत ही. १९५६ पासून लोंबकळणारा सीमाप्रश्न आमच्यानं साडेनऊ ते दहात सुटणार नाही, एवढं सगळ्यांना कळतं. शहराचं नाव २०१४ ला बेळगावी झालं, त्यावरून "तू नक्की कुठं राहतोस?" हा प्रश्न मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी पाठवतंच. मी गाळतो. म्हणजे प्रश्न गाळायचा अधिकार माझ्याकडं होता आणि मी तो वापरतही होतो. पुढच्या भागासाठी हे लक्षात असूदे.

असल्या प्रश्नांचं कूळ

आमच्याकडं प्रश्न काही उत्तरासाठीच विचारतात असं नाही. "जेवलास काय?" म्हणून रस्त्यात विचारणाऱ्याला तुमच्या पोटाशी घेणं नसतं. "झालं की" म्हणायचं आणि पुढं व्हायचं. कानडीत "ऊटा आतेन्री?" आणि "आत्री". दोन्ही भाषांत तोच हिशेब.

हादग्याची खिरापत आठवून बघा. डब्याचं झाकण थोडं किलकिलं, फोडणीच्या डाळीचा वास अख्ख्या अंगणात, तरी पोरी लाडूपासून सुरुवात करून करंजी, वडी, चकली असं मुद्दाम लांबून लांबून यायच्या. पहिल्या झटक्यात "वाटली डाळ!" म्हणणारी पोरगी कुणाला आवडत नसे. बरोबर उत्तरानं खेळ संपतो, म्हणून ते होईल तेवढं लांबवायचं. आमचा बाद करण्याचा नियम मी शोधला असं मला बरेच दिवस वाटत होतं. तो माझ्या आईच्या हादग्यातला निघाला.

दुसरं मूळ सवाल-जवाबाचं. कलगी-तुऱ्यात शक्तीची बाजू कलगीवाल्यांची, शिवाची तुरेवाल्यांची. डफ-तुणतुण्यावर एकानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातनंच सोडवायचं. उत्तर कर्नाटकात हाच प्रकार हरदेशी-नागेशीच्या नावानं चालतो. जत्रेत दोन्ही भाषांतलं ऐकणारे लोक आमच्या घरांत होते. तिथं एक गोष्ट पक्की असते: समोरच्याचा जबाब कान देऊन ऐकावाच लागतो, कारण पुढचा सवाल त्यातनंच निघतो. आमच्या खेळात पुढचा सवाल माझ्या फोनमध्ये दुपारपासून तयार असायचा.

थट्टेच्या नात्यावर रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञानं १९४० साली लिहिलंय ते इथं कामाचं आहे. अशा नात्यात एकाला चिडवायची मुभा असते आणि दुसऱ्यानं राग मानायचा नाही, असा अलिखित करार असतो. आपल्याकडं मेहुणा-मेहुणी, मामाची पोरं-आत्याची पोरं. सत्तावीस वर्षांचे वर्गमित्रही त्यातच धरायचे. या कराराची एक अडचण मला हे प्रकरण होईपर्यंत दिसली नव्हती. राग मानायचा नाही म्हटल्यावर, ज्याला खरंच काही झालंय त्यानं ते सांगायचं कुठल्या तोंडानं? खेळात बसून सांगितलं तर विनोद होतो, आणि खेळातनं उठून सांगितलं तर रसभंग.

ती रात्र

२०२२ चा श्रावण, पंचमी होऊन चार-पाच दिवस झालेले. गादीवर विणकर होता. गटातला सगळ्यात तल्लख माणूस, कमी शब्दांत मारणारा. घरात आई कानडी बोलणारी, बाप मराठी. शाळेत लिंगाच्या चुका करायचा, "तो भाकरी", "ती दरवाजा", आणि मास्तर त्याला फळ्यापाशी उभा करून सगळ्यांना हसवायचे. ते हसणं नंतर आमच्याकडं वारशानं आलं.

पहिला प्रश्न : पंचमीला लाडू किती खाल्लास?
उत्तर : झोपाळ्याला विचार. तो अजून वर गेला नाही.

दुसरा : बायको आणि माग, आवाज कुणाचा जास्त?
उत्तर : दोन्हीकडं सारखंच. आवाज थांबला की भीती वाटते.

तिसरा सोडून देतो, तो माझ्यावर होता.

चौथा पुणेकरानं पाठवलेला. त्याच्या बायकोला गणपतीसाठी साडी हवी होती, म्हणजे प्रश्न म्हटला तर गमतीचा, म्हटला तर कामाचा. सध्या मागावर काय? हवा. मग ते एकटं "खरं".

बेळगाव-कोल्हापूरकडचे नसाल तर इथं जरा थांबा. आमच्या बोलीत "खरं" म्हणजे "पण". "येणार होतो खरं पाऊस लागला." बोलताना दोन्ही "खरं" वेगळे ऐकू येतात. सत्य असलेल्या "खरं"वर जोर पडून आवाज खाली उतरतो, "पण" असलेलं "खरं" पुढच्या शब्दाला हात धरून ओढतं. लिहिल्यावर दोन्ही सारखेच. त्यात आमचे निम्मे लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणारे, अनुस्वाराचं टिंबही हाताशी नाही. तेव्हा "हवा. खरं." हे सगळ्यांनी "हवा, पण…" असं वाचलं आणि उरलेल्या वाक्याची वाट बघायला लागले.

कंडक्टर : खरं काय?
विणकर : खरं.
दुबईवाला : अर्धं वाक्य धोट्यात अडकलं बघ.
पुणेकर : हवेची साडी! आमच्या हिला एक पाठव की. वजन किती भरतंय?
विणकर : वजनावरच गेले.
दुबईवाला : गेले काय रे? साडी *गेली* म्हण. परत कानडी झालास काय?

इथं ते अकरा हसरे. व्हॉट्सअॅपवर मेसेजला नुसतं चिन्ह चिकटवायची सोय त्याच वर्षी मे महिन्यात आली होती. त्याआधी हसायला निदान "हाहा" तरी टाइप करावं लागे, आणि टाइप करता करता माणूस कधीकधी वरचं पुन्हा वाचे. आता अंगठा दाबून धरला की झालं. मी स्वतः दाबला होता. अकरांतला चौथा मी.

मग मी पाचवा प्रश्न सोडला. त्यानं सहाही उरलेले प्रश्न नीट खेळले. शेवटाला "चला, गुड नाइट" म्हणाला. सकाळी गटात करड्या अक्षरांची ती ओळ होती, अमुक बाहेर पडला.

आम्ही काय समजलो

उघडच होतं, असं वाटलं. "कानडी झालास काय" हे लागलं. दुबईवाल्यावर सगळे तुटून पडले. त्यानं माफीचा परिच्छेद लिहिला, तो कंडक्टरनं विणकराला पाठवला, निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही. मग त्या परिच्छेदावरच वाद. एकजण म्हणाला, कानडी म्हणणं ही शिवी कधीपासून झाली? दुसऱ्यानं सीमावादावरचा महाजन अहवाल काढला. बैलहोंगलची म्हणाली, "माझी पोरं कानडीच आहेत, मला पण माफीपत्र पाठवा मग." एक नोव्हेंबरची सुट्टी ऑगस्टमध्ये मोडली गेली. दहा दिवस हा धुरळा चालू होता, आणि ज्याच्यावरून तो उठला त्या माणसाचं नाव त्यात पहिल्या दिवसानंतर कुणी काढलं नाही.

मी खासगीत त्याला लिहिलं, "मनावर घेऊ नको." हे वाक्य आता वाचलं की मला लाज वाटते. कशाला मनावर घेऊ नको, ते मला तरी कुठं ठाऊक होतं?

नंतर, सगळं कळल्यावर, मी त्या काही महिन्यांतल्या गप्पा मागं जाऊन पुन्हा काढल्या. विणकर टाइप करायला आळशी, बहुतेक उत्तरं आवाजातच पाठवायचा. मेपर्यंतच्या प्रत्येक निरोपात त्याच्या बोलण्यामागं माग चालू आहे. खटखट, खटखट, आणि तो त्यावर आवाज चढवून बोलतोय. जुलैच्या मधल्या आठवड्यापासूनच्या सात निरोपांत मागं काही नाही. एकात कुकरची शिट्टी आहे. एकात लांबून शेजाऱ्याचा माग येतोय, पण तोही भिंतीपलीकडून. आणि त्याचा आवाज चढलेला नाही, सरळ बोलतोय. सातही निरोप मी त्या वेळी ऐकले होते आणि सातही वेळा हसलो होतो.

आणि "गेले". साडी असती तर "गेली"च. त्यानं "गेले" लिहिलं कारण तो साडीबद्दल बोलतच नव्हता. माग गेले. दोन माग, भंगारात, किलोवर. आयुष्यभर लिंगाच्या चुकांसाठी हसण्यावारी नेलेल्या माणसानं एकदा व्याकरण अगदी अचूक वापरलं आणि आम्ही त्यालाच चूक ठरवलं. आमच्याच नियमानं बोलायचं तर बरोबर उत्तर दिलं म्हणून तो बाद झाला.

वडगावातली संध्याकाळ

तिसऱ्या आठवड्यात कंडक्टर ड्यूटी संपवून, पाळीचा हिशेब भरून, खाकीतच त्याच्या घरी गेला. पुढचं त्यानं सांगितलेलं.

गल्लीत माग चालू होते, दोन्ही अंगांना. याच्या घरापाशी येईपर्यंत आवाज अंगावर येतो आणि दारात आल्यावर एकदम मागं राहतो. आत मागाच्या खोलीत सायकल लावलेली. फरशीवर तेल मुरून काळे पडलेले दोन चौकोन आणि पाय बसवलेल्या बोल्टांची भोकं, त्यांत कुणीतरी खडूच्या कांड्या खोचलेल्या, पोरांनी बहुतेक. कांड्या भरायचं चाक एका कोपऱ्यात तसंच होतं. ते कुणी घेतलं नाही.

"बसा की भावजी," वहिनी म्हणाल्या, "हे आत्ता उठतील. रातपाळी हाय." उद्यमबागेत एका कारखान्यात तो मदतनीस म्हणून लागला होता. दोन वर्षांची लग्नसराई बंदमध्ये गेलेली, सुताचा भाव चढत गेला, मजुरी होती तिथंच. वडगावात ही गोष्ट नवीन नाही, म्हणूनच ती कुणी कुणाला सांगत बसत नाही.

विणकर उठून येईपर्यंत त्याची आई बाहेर आली. कंडक्टरला लहानपणापासून ओळखते. "ऊटा आतेनप्पा?" झालं का जेवण? "आत्री," हा म्हणाला. सवयीनं. म्हातारीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "एन उंडी?" काय जेवलास?

याला उत्तर सुचेना. सकाळपासून दोन चहा आणि डेपोतला एक वडा. म्हातारी काही न बोलता आत गेली आणि जोंधळ्याची भाकरी, झुणका आणि कांदा घेऊन आली.

कंडक्टर हे मला सांगताना म्हणाला, "मला तिथंच कळलं बघ आपलं काय चुकलं ते." मला मात्र त्यानं सांगूनही लगेच कळलं नाही.

विणकर आला, समोर बसला. कंडक्टरनं दुबईवाल्याचा विषय काढला तर त्याला तो आठवेचना. "कानडी? ते तर रोजचंच की. आईला कानडी, तर मी अर्धा हायच." मग गेलास का? "रातपाळी. साडेनऊला मी गेटात असतो, फोन बाहेर ठेवायला लागतोय. सकाळी उघडला की दोनशे मेसेज." एवढंच? थोडा वेळ गेला. मग म्हणाला, "मी खरं सांगितलो की."

कंडक्टर म्हणाला, आम्ही हसायला नको होतं.

"हसण्याचं काय नाही रे. रडकी तोंडं पाठवला असता तर त्याच रात्री गेलो असतो. हसल्यावर बरं वाटलं मला, भंगारवाला काटा लावत होता तवाबी मी असंच काहीतरी बोलून हसलो होतो. खरं फुडचं कुणी विचारलं नाहीसा. एकदम पाचवा प्रश्न. आवडता पक्षी कुठला म्हणून."

पाचवा प्रश्न तोच होता. मी काढून बघितला. आवडता पक्षी कुठला आणि का. त्याचं उत्तर होतं, "कोंबडी, कारण ती उडून जात नाही."

नियमाचं काय झालं

दुबईवाल्यानं पैसे गोळा करू या म्हटलं, मनापासून म्हटलं. कंडक्टरनं ते तिथंच मोडलं: "पैसे दिलास तर तो गादीवर परत बसणार नाही. देणेकऱ्याची थट्टा करता येत नाही आणि त्यालाबी आपली करता येणार नाही." मला हे पटलं. त्याला लागतील तेव्हा तो एकट्यादुकट्याकडं मागेल. गटानं वर्गणी काढली असती तर ती आमच्या समाधानासाठी झाली असती.

माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते म्हणजे खऱ्या उत्तराला वेगळी खूण ठेवावी. खरं बोलायचं असेल तर तारा लावा, असलं काहीतरी. बैलहोंगलची म्हणाली, "म्हणजे तारा लावायला पण धाडस पाहिजे आणि न लावणारा खोटा. त्यापेक्षा शाळेत बोट वर करून जायचो तसं कर." खूण बारगळली ते बरं झालं. हादग्यातल्या पोरींना कधी खूण लागली नाही, कारण तिथं विचारणारी समोरच्या तोंडाकडं बघून पुढचं विचारायची. म्हातारीनं केलं तेवढंच. पहिला प्रश्न रिवाजाचा, दुसरा माणसासाठी. आमच्या खेळात दुसऱ्या प्रश्नाला जागाच नव्हती आणि ती मी ठेवली नव्हती. दहाचा आकडा माझा, तीन मिनिटांचं घड्याळ माझं, प्रश्न दुपारीच गोळा करायची शिस्त माझी. गट आटोक्यात राहावा म्हणून केलेली. गाळायचा प्रश्न मला बरोबर कळत होता, थांबायचा कळला नाही.

आता दहाचा आकडा काढलाय. प्रश्न तिथल्या तिथं विचारायचे. आणि एक शब्द आलाय, "फुडं?" कुणाच्याही उत्तराला कुणीही "फुडं?" म्हणू शकतं, आणि तो म्हटला गेला की नवा प्रश्न टाकता येत नाही. पहिल्या आठवड्यात याचा नुसता चिवडा झाला. कुणी "शुभ प्रभात" घातलं तरी खाली नऊ जण "फुडं?" पुणेकरानं धरणाची पातळी सांगितली, "फुडं?" त्यानं खरंच पुढची सांगितली, सगळ्या धरणांची. दोघं कंटाळून गप्प झाले, ते अजून गप्पच आहेत. खेळ आता रोज होत नाही, आठवड्यातनं दोनदा, फार तर तीनदा. पूर्वीचा वेग गेलाय. वेगात मजा होती हे मी नाकारत नाही.

सप्टेंबर संपत आला असताना, दसऱ्याच्या आधी, विणकरानं मला खासगीत दोन शब्द पाठवले, "घे आत." घेतला. कुणी काही बोललं नाही, स्वागताचा पुष्पगुच्छही नाही. हे मी आधीच एकेकाला फोन करून सांगून ठेवलं होतं. पाच मिनिटांनी त्याचाच प्रश्न आला, गादीवर कोण बसलंय न विचारता:

चार पाय होते तवर खटखट करत उभा होता. पायाची भोकं राहिली, धड किलोवर गेलं. कोण?

गटातल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. तोवर कंडक्टरकडनं सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. दोन मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. मग सुरू झालं.

"आमचे हेडमास्तर."

"सर्कसचा म्हातारा घोडा."

"माझ्या सासऱ्याचा पलंग," हे बैलहोंगलचीचं.

"बेंगळूरला बदली झालेला माणूस."

सगळ्यात शेवटी पुणेकर टाइप करताना दिसायला लागला. बराच वेळ दिसत होता. थांबायचा, परत लिहायचा. ज्यानं आजवर एकाही प्रश्नाचं चुकीचं उत्तर दिलं नव्हतं, त्याचं उत्तर आलं, "पंखा." चार पायांचा पंखा. कुणी हसऱ्याचा शिक्का मारला नाही, मी तरी मारला नाही.

कंडक्टरनं लिहिलं, "फुडं?"

उत्तर रात्री दोन वाजून गेल्यावर आलं, पाळीच्या सुट्टीत. आवाजाचा निरोप, मागं यंत्रांचा गदारोळ, आणि तो पुन्हा आवाज चढवून बोलत होता: "फुडं लेथ शिकालोय."

सकाळी पुणेकरानं विचारलं, लेथला पाय किती असतात?

"आज रात्री मोजून सांगतो."